गव्हर्नराचें स्मारक: पणजीच्या खांबांची हकीगत
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



महोत्सवाचें वर्ष आलें म्हणजे स्मारकाची गोष्ट निघतेच. कोणी म्हणतो, अंगणांत एक स्तंभ उभारावा; कोणी म्हणतो, भिंतींत संगमरवरी पाटी बसवावी; कोणी म्हणतो, ज्यांनीं हा समाज वाढविला त्यांचीं नांवें दगडावर कोरून ठेवावीं. या सर्व सूचना सद्भावनेच्याच आहेत. परंतु दगड उभा करण्यापूर्वीं उभ्या केलेल्या दगडाचें पुढें काय होतें हें एकदां पाहून घेणें शहाणपणाचें ठरेल, असें आम्हांस वाटलें. म्हणून एका गव्हर्नराच्या स्मारकाची हकीगत आज आपणांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. हें स्मारक गोव्यांत, पणजी शहरांत आहे. तेथील खांब आजहि उभे आहेत. मात्र ज्याच्यासाठीं ते उभारले, तो पुरुष आतां त्यांच्यामध्यें नाहीं.

आपलें कारंजा (घाडगे) हें गांव नागपूर-अमरावती रस्त्यावर, संत्र्यांच्या बागांच्या मुलखांत. येथून गोवें फार लांब. तेव्हां तेथील गव्हर्नराशीं आपला काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आपल्या जिभेवरच आहे. सकाळचा पाव, भाजींतील बटाटा, आंघोळीचा साबण, कुलपाची चावी, महिन्याचा पगार, बाजारांतील लिलाव, गवंड्याचें घमेलें आणि ज्यांना आपण आदरानें पाद्री म्हणतों तो शब्द, हीं सारीं पोर्तुगीज भाषेंतून मराठींत आलेलीं नांवें आहेत. आणखी एक गंमत सांगतों. तुर्की, फारशी व अरबी या भाषांत संत्र्याला जें नांव रूढ आहे, तें पोर्तुगाल देशाच्या नांवावरूनच पडलेलें आहे. असो. ज्या राजवटीचे शब्द आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोंचले, तिच्या एका मोठ्या अधिकाऱ्याच्या स्मारकाचें काय झालें हें ऐकणें अगदींच परक्याचें ऐकणें नव्हे.

या गव्हर्नराचें नांव आफोंसो द आल्बुकर्क. पोर्तुगालच्या राजानें हिंदुस्थानांतील आपल्या ठाण्यांवर पहिला व्हाइसरॉय पाठविला तो फ्रान्सिस्को द आल्मेदा, इ. स. १५०५ सालीं. त्याच्यामागून १५०९ मध्यें आल्बुकर्क आला. त्याचा हुद्दा गव्हर्नराचा होता आणि तो त्यानें १५१५ पर्यंत सांभाळला. सहा वर्षांचा हा काळ; परंतु या सहा वर्षांत त्यानें गोवें, मलाक्का आणि ओर्मुझ अशीं तीन मोठीं बंदरें आपल्या राजाच्या हातीं दिलीं. गोवें तेव्हां विजापूरच्या आदिलशाहींत होतें. १५१० च्या आरंभीं तिमोजा नांवाच्या दर्यावर्दी सरदाराच्या मदतीनें आल्बुकर्कनें तें एकदां घेतलें, कांहीं महिन्यांतच गमावलें, आणि त्याच वर्षीं २५ नोव्हेंबरला, संत कॅथरिन हिच्या सणाच्या दिवशीं, पुन्हा जिंकलें. त्या दिवसापासून पुढें चार शतकें आणि अर्धे शतक पोर्तुगालचा झेंडा तेथें राहिला.

आतां, स्मारकाची हकीगत सांगावयाची तर ज्याचें स्मारक त्याच्या दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. नाहींतर तें भाषण न राहतां भाटगिरी होईल. आल्बुकर्कच्या कारकीर्दींत गोव्यांत सती जाण्याची चाल बंद करण्यांत आली; तेथें नाणें पाडण्यांत आलें; आणि गांवांचा जुना जमीनजुमल्याचा व्यवहार बव्हंशीं पूर्वींप्रमाणें चालूं दिला गेला. हें त्याच्या जमेच्या बाजूस. परंतु गोवें दुसऱ्यांदा जिंकल्यावर त्यानें शहरांतील मुसलमानांची जी कत्तल करविली, तीहि त्याच माणसाची करणी. ही गोष्ट त्याच्या शत्रूंनीं रचलेली नव्हे. त्यानें स्वतः आपल्या राजाला पाठविलेल्या पत्रांत मृतांचा आंकडा सहा हजारांच्या घरांत सांगितला आहे, आणि तोहि खेदानें नव्हे तर अभिमानानें. त्यांत बायका होत्या, मुलें होतीं. संताच्या सणाच्या दिवशीं मिळालेला विजय पाठोपाठ असा रक्तानें माखला, हें वाचतांना ख्रिस्ती माणसाची मान खालीं जाते, आणि ती जावीच.

या माणसाचा शेवट मात्र विलक्षण झाला. ओर्मुझहून आजारी स्थितींत परत येत असतां, आपल्याला काढून आपल्या जागीं लोपो सोआरिस या आपल्या विरोधकालाच राजानें नेमलें आहे, ही बातमी त्याला कळली. राजाचें काम करतां करतां त्यानें लोकांचा राग ओढवून घेतला होता, आणि आतां राजाचीहि मर्जी उरली नव्हती. १६ डिसेंबर १५१५ रोजीं मांडवी नदीच्या मुखाशीं, गोवें दृष्टीच्या टप्प्यांत असतां, जहाजावरच त्यानें प्राण सोडला. त्यानेंच बांधविलेल्या डोंगरावरच्या मातेच्या मंदिरांत, जुन्या गोव्यांत, त्याला पुरण्यांत आलें.

येथून पुढची गोष्ट आपण नीट ध्यानांत घ्यावी, कारण आमच्या मतें आल्बुकर्कचें पहिलें आणि सर्वांत खरें स्मारक तेंच होय. पोर्तुगीज बखरकारांनीं लिहून ठेविलें आहे कीं, त्याच्यामागून आलेल्या कांहीं अधिकाऱ्यांनीं जेव्हां जुलूम मांडला, तेव्हां गोव्यांतील रयत, त्यांत हिंदूहि आणि मुसलमानहि, या मेलेल्या गव्हर्नराच्या थडग्यापाशीं जाई, तेथें फुलें वाही, दिव्याला तेल घाली, आणि जिवंत अधिकाऱ्यांविरुद्ध त्याच्याकडे न्याय मागे. ज्याच्या हातून त्या शहरांत इतकें रक्त सांडलें, त्याच्याच थडग्यावर लोकांनीं न्यायाचा दिवा लावावा, ही गोष्ट चमत्कारिक खरी. परंतु तिचा अर्थ सरळ आहे. लोकांनीं त्याला संत मानलें नव्हतें. त्याच्यानंतर आलेल्यांपेक्षां तक्रार ऐकून घेण्यांत तो बरा होता, एवढेंच त्यांना आठवत होतें. राज्यकर्त्याची आठवण रयत ठेवते ती अशी: त्यानें किती मुलूख जिंकला यावरून नव्हे, तर त्याच्या दारीं आपलें ऐकलें जात होतें कीं नाहीं यावरून.

पुढें १५६६ सालीं त्याच्या अस्थि लिस्बनला नेण्यांत आल्या. थडगें रिकामें झालें. लोकांची वाट थांबली, आणि दगडाचें स्मारक उभें राहण्यास अजून जवळ जवळ तीनशें वर्षें होतीं.

या तीनशें वर्षांत जुन्या गोव्याचें काय झालें हें समजल्याशिवाय पणजीचें स्मारक समजणार नाहीं. जुनें गोवें एके काळीं पूर्वेकडील मोठ्या नगरांत गणलें जाई. परंतु वारंवार रोगराई येऊं लागली, व्यापार दुसऱ्यांच्या हातीं गेला आणि वस्ती ओसरली. १७५९ सालीं व्हाइसरॉयनें आपलें राहण्याचें ठिकाण पणजीस हलविलें. १८३५ सालीं पोर्तुगाल सरकारच्या हुकुमानें गोव्यांतील धर्मसंघांचे मठ बंद झाले, आणि मोठमोठ्या इमारती मोकळ्या पडल्या. छपरें कोसळलीं, भिंतींवर झाडें उगवलीं. शेवटीं १८४३ मध्यें पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला आणि तिचें नांव नवें गोवें असें पडलें.

नव्या राजधानीला जुना मोठेपणा हवा असतो. तो आणावयाचा कोठून? जो शहर घेणारा, त्याच्याच नांवानें! म्हणून १८४७ सालीं पणजीच्या मध्यभागीं मोकळ्या जागेंत आल्बुकर्कच्या पुतळ्यासाठीं एक घुमटीवजा मंडप बांधण्यांत आला. त्या मंडपाचे सुंदर कोरिंथियन खांब नवे घडविलेले नव्हते. ते जुन्या गोव्यांतील पडक्या मठांतून आणलेले होते. जे खांब पूर्वीं प्रार्थना करणाऱ्यांच्या डोक्यावर छाया धरीत, तेच आतां एका गव्हर्नराच्या मानासाठीं उभे राहिले. खांबांनीं कांहीं तक्रार केली नाहीं. दगडाचा स्वभावच तो. ज्याची आज्ञा त्याचा भार तो उचलतो.

पणजींत याच जातीचें दुसरेंहि एक स्मारक आहे, आणि तें तर प्रत्यक्ष स्तंभच आहे. मोठ्या चर्चसमोरील चौकालगत एक बाग आहे. १५६३ सालीं गोव्यांत ज्याचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ छापला गेला, त्या गार्सिया द ओर्ता या वैद्याचें नांव तिला दिलेलें आहे. वास्को द गामा कालिकतला उतरला तो १४९८ मध्यें. त्यास चारशें वर्षें झालीं म्हणून १८९८ सालीं या बागेंत एक उंच स्तंभ उभारण्यांत आला आणि त्याच्या माथ्यावर गामाची अर्धमूर्ति बसविण्यांत आली. गामाला आपण केवळ खलाशी म्हणून ओळखतों. परंतु १५२४ सालीं तो व्हाइसरॉय होऊनहि आला होता. सप्टेंबरांत तो गोव्यास पोहोंचला आणि त्याच वर्षीं २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशीं, कोचीन येथें वारला.

स्तंभ उभारण्याची ही चाल पोर्तुगीजांची फार जुनी. नवा किनारा दिसला कीं त्यावर माथ्यास क्रूस असलेला दगडी खांब रोवावयाचा आणि त्यावर राजाची मुद्रा कोरावयाची, असा त्यांचा शिरस्ता होता. गामानें आपल्या पहिल्या सफरींत असे खांब जहाजावर घेतले होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदी येथें त्याच्या नांवानें ओळखला जाणारा असा खांब अद्याप दाखवितात. क्रूस आणि राजमुद्रा एकाच दगडावर! आमच्या मतें पुढच्या पुष्कळ घोटाळ्याचें मूळ येथेंच आहे. पाहणाऱ्याला तीं दोन एकच वाटूं लागलीं. एकीचा मान तो दुसऱ्याचा मान, आणि एकीचा अपमान तो दुसऱ्याचा अपमान, असें परके समजूं लागले आणि कित्येकदां आपलेहि समजूं लागले. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशनचें न्यायासन बसलें. तें मध्यें कांहीं वर्षें बंद होतें, तरी कायमचें मोडलें तें १८१२ सालीं. त्या काळाच्या आठवणी ज्यांच्या घराण्यांत राहिल्या, त्यांना त्या दगडावर क्रूसापेक्षां राजमुद्राच अधिक दिसली, तर त्यांना दोष कसा द्यावा?

आणि स्मारकें पाडण्याचें काम नेहमीं परकेच करतात, असेंहि नाहीं. जुन्या गोव्यांत नदीकांठीं व्हाइसरॉयची कमान म्हणून प्रसिद्ध असलेला दरवाजा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस वास्को द गामाचाच पणतू फ्रान्सिस्को द गामा हा व्हाइसरॉय असतां, त्या कमानीवर पणजोबाचा पुतळा बसविण्यांत आला. हा पणतू लोकांस इतका अप्रिय झाला कीं, १६०० च्या सुमारास त्याची कारकीर्द संपली तेव्हां तेथील पोर्तुगीज मंडळींनींच तो पुतळा खालीं ओढून त्याचे तुकडे केले. पुढें पुतळा पुन्हा बसविला गेला. कमानहि पुढें कोसळली आणि १९५४ सालीं पुन्हा उभारली गेली. जिवंत माणसाचा राग मेलेल्याच्या पुतळ्यावर निघतो, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. आपल्या घराण्याच्या गौरवासाठीं जो स्मारक उभारतो, तो आपल्या पूर्वजांना आपल्या पापांचे जामीनदार करून ठेवतो.

आतां मूळ स्मारकाकडे वळूं. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवें मुक्त झालें. सत्ता गेली म्हणजे तिचे पुतळेहि जातात. येथेंहि ते गेले, पण कसे गेले तें पाहण्यासारखें आहे. पणजींत उभा असलेला आल्बुकर्कचा भव्य ब्राँझचा पुतळा वितळविला नाहीं कीं नदींत ढकलला नाहीं. तो जुन्या गोव्यांत, संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या देवळालगतच्या जुन्या मठांत जें पुराणवस्तुसंग्रहालय आहे, तेथें ठेवण्यांत आला. मानाच्या जागेवरून तो अभ्यासाच्या जागेवर गेला. बागेंतील स्तंभहि पाडला नाहीं. त्याच्यावरची गामाची अर्धमूर्ति उतरविली आणि तेथें अशोकाचे सिंह बसविले, जे २६ जानेवारी १९५० पासून आपल्या देशाचें राजचिन्ह आहेत. अशोकानेंहि कलिंगांत रक्ताचे पाट वाहविले होते. परंतु त्या विजयाचा आपल्याला पश्चात्ताप झाला, हें त्यानें स्वतःच्या आज्ञेनें शिळांवर कोरविलें. एकानें आपल्या राजाला कत्तलीचा आंकडा अभिमानानें कळविला, दुसऱ्यानें तसल्याच आंकड्याखालीं आपलें दुःख लिहिलें. खांबाच्या माथ्यावर कोण शोभतो, हें ठरविण्यास एवढा फरक पुरे आहे.

राहिला आल्बुकर्कचा मंडप. ज्या चौकांत तो आहे त्याला आतां आझाद मैदान म्हणतात. मंडप अनेक वर्षें होता तसाच राहिला. १९८६ सालीं मुंबईहून त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्य यांचे अवशेष गोव्यांत आणून या मंडपांत स्थापन करण्यांत आले.

हे कुन्य कोण? २ एप्रिल १८९१ रोजीं चांदर गांवीं एका कॅथोलिक घराण्यांत त्यांचा जन्म झाला. पॅरिसला त्यांनीं विद्युत्-यंत्रशास्त्राचें शिक्षण घेतलें. मायदेशीं परतल्यावर १९२८ सालीं त्यांनीं गोवा काँग्रेस कमिटी स्थापिली. परकीय अंमलाखालीं गोमंतकीय माणूस आपली भाषा, आपला पेहराव, आपलें देशपण कसें हरवून बसला यावर त्यांनीं १९४४ मध्यें एक निबंध लिहिला. तो अजून वाचला जातो. १८ जून १९४६ रोजीं मडगांवांत डॉ. राममनोहर लोहिया यांची सभा झाली आणि गोव्यांत चळवळ पेटली, त्याच वर्षीं कुन्यांना पकडून लष्करी न्यायासनापुढें उभें केलें, आठ वर्षांची सजा दिली आणि पोर्तुगालांतील पेनिश येथील किल्ल्यांत धाडलें. तेथून सुटून पुढें ते मुंबईस आले. २६ सप्टेंबर १९५८ रोजीं, गोव्याचें स्वातंत्र्य पाहण्यापूर्वींच, त्यांचा अंत झाला.

एकाच छताची ही कथा. मठांतून आणलेल्या खांबांखालीं आधीं ज्यानें गोवें जिंकलें तो उभा होता, आतां ज्यानें गोवें सोडविण्यासाठीं तुरुंग भोगला तो विसावला आहे. आणि दोघेहि कॅथोलिक घराण्यांत जन्मलेले! ही गोष्ट आमच्या समाजानें मनांत कोरून ठेवावी. अनेकदां आपणांस ऐकावें लागतें कीं, तुमचा धर्म परक्या राज्यकर्त्यांनीं आणला, तुमचे वीर ते परक्यांचे वीर. त्याला रागावून उत्तर देण्याचें कारण नाहीं. पणजीच्या त्या मंडपाकडे बोट दाखवावें, एवढें पुरे. राजमुद्रा गेली, आणि तिच्याबरोबर जाण्याची धर्माला कांहीं गरज पडली नाहीं. उलट ती मुद्रा उतरविणाऱ्यांत आमचीहि माणसें पुढें होतीं.

यावर दोन बाजूंनीं आक्षेप येतात. कोणी म्हणतात, इतिहास तो इतिहास. आल्बुकर्कचा पुतळा होता तेथेंच ठेवावयास हवा होता. त्यांना आमचें म्हणणें असें कीं, चौकांतील मंडप हें इतिहासाचें पुस्तक नव्हे. तो गांवाचा देव्हारा आहे. तेथें कोणाला बसवावें हें त्या गांवच्या लोकांनींच ठरवावयाचें असतें, आणि १८४७ सालीं त्यांना कोणी विचारलें नव्हतें. दुसरे म्हणतात, मग तो मंडपहि पाडून टाकावयाचा होता. त्यांना आमचें म्हणणें असें कीं, तो पाडला असता तर ही सारी हकीगत सांगावयास आज काय राहिलें असतें? दगडावर राग धरण्यापेक्षां दगडाकडून चांगलें काम करून घेणें हेंच पणजीकरांनीं केलें, आणि तें आम्हांस योग्य वाटतें.

आणि खुद्द आल्बुकर्कचें नांव? तें पुसलें गेलें का? मुळींच नाहीं. तें दरवर्षीं उन्हाळ्यांत आपल्या घरींहि येतें. हापूस हें आंब्याचें नांव आफोंसो या नांवावरूनच आलेलें आहे, आणि लोक तें याच गव्हर्नराशीं जोडतात. पोर्तुगीजांनीं झाडावर कलम बांधण्याची कला इकडे पसरविली, तिचें हें फळ. पुतळा चौकांतून हलवितां आला; हें नांव कोणी हलवूं म्हणेल तर हलणार नाहीं, कारण तें लोकांनीं स्वतः आपल्या तोंडांत ठेवलें आहे. तलवारीनें जें टिकलें नाहीं तें कलमानें टिकलें.

तेव्हां बंधुभगिनींनो, महोत्सवाचें स्मारक करावयाचें तर तें कसें असावें याविषयीं या हकीगतींतून आम्हीं तीन गोष्टी घेतल्या आहेत. पहिली, स्मारक उभारणाऱ्यानें ज्याचें स्मारक त्याच्या दोन्ही बाजू लिहिण्यास कचरूं नये. अर्धें सत्य दगडावर कोरलें तरी तें अर्धेंच राहतें. दुसरी, मोठ्या हुद्द्याच्या माणसाचें नांव दगडावर आपोआप येतें. विहीर खणणारा, भिंत रचणारा, रात्रीं आजाऱ्याच्या उशाशीं बसणारी, पोरांना अक्षरें गिरवावयास लावणारी, यांचीं नांवें कोणी मुद्दाम विचारून लिहून घेतलीं तरच राहतात. आपल्यांतील वृद्ध माणसें बोलतीं आहेत तोंवर तीं विचारून घ्यावीं. हें काम वर्गणीवांचून होण्यासारखें आहे आणि तें उद्यांपासून सुरू करतां येईल.

तिसरी गोष्ट महोत्सव या शब्दांतच आहे. पवित्र शास्त्राप्रमाणें पन्नासावें वर्ष हें खांब उभारण्याचें वर्ष म्हणून सांगितलेलें नाहीं. गहाण पडलेली जमीन ज्याची त्याला परत करण्याचें आणि बांधलेल्या माणसाला मोकळें करण्याचें वर्ष म्हणून तें सांगितलें आहे. गोव्याच्या रयतेनें थडग्यावर दिवा लावला तो याच एका आशेनें, कीं कोणीतरी आपलें ऐकावें. आपल्या दारीं येणाऱ्याचें आपण ऐकलें, तर आपली आठवण धरण्यास खांबाची वाट पाहावी लागणार नाहीं. आणि तें न ऐकतां खांब उभारला, तर पुढची पिढी त्यावर कोणाला बसवील, तें तिच्यावरच सोडावें लागेल.